डेपोतल्या हिरव्या सायकली

माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही सायकलीवर बसून कोणी लढाईला गेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण फौजी सायकल म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच तोफा-बंदुका उभ्या राहतात. मी नोकरीची सगळी वर्षं नागपूरजवळच्या एका दारूगोळा डेपोत सायकली दुरुस्त केल्या. डेपो नेमका कुठे, ते लिहीत नाही. आसपासच्यांना ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांना ठाऊक असायची गरज नाही.

माझे वडील तिथेच फिटर होते. ड्यूटीवर असतानाच हृदयविकाराने गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपेवर मला घेतलं. साहेबांनी विचारलं, टायपिंग येतं का? मी म्हटलं, नाही, पंक्चर काढता येतं. ते हसले, पण मला कचेरीऐवजी सायकलींच्या शेडमध्ये पाठवून मोकळे झाले. तिथे नत्थूजी नावाचे म्हातारे फिटर होते. बाई आली म्हणून ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस मी वाकडं झालेलं चाक आऱ्या आवळून सरळ केलं, तेव्हा म्हणाले, ‘बापानं शिकवलेलं दिसते तुले.’ तेवढंच. त्यानंतर मात्र बोलणं थांबेना.

सायकल आणि फौज यांचं नातं मला त्यांच्याकडून कळलं. जेवायच्या सुट्टीत डबा उघडून ते सुरू व्हायचे. घोड्याला दाणा लागतो, पाणी लागतं आणि नको तेव्हा तो खिंकाळतो. सायकल गप्प असते. म्हणून सायकल निघाली तशी जगभरच्या फौजांनी ती उचलली, आधी निरोप्यांसाठी, मग टेहळणीसाठी. दुसऱ्या महायुद्धात विमानातून छत्री बांधून उडी मारणाऱ्या शिपायांसाठी मधोमध दुमडणारी सायकल निघाली. जमिनीवर पोचलं की मोठे नट आवळायचे आणि निघायचं. मलायात जपानी फौज सायकलींवरून आली. टायर फुटले की शिपाई नुसत्या रिमवर चालवायचे, आणि तो खडखडाट ऐकून समोरच्यांना वाटायचं, रणगाडे येत आहेत. व्हिएतनाममध्ये तर सायकलवर कोणी बसतच नसे. हँडलला बांबू बांधायचा, दोन्ही बाजूंना पोती लादायची आणि डोंगरातून ढकलत न्यायची. नत्थूजी म्हणायचे, ‘मालट्रक दिसते वरून, सायकल काही दिसत नाही.’ नंतर जीप आली, वायरलेस आला, आणि आपल्याकडे सायकल टपाल, निरोप आणि पहारा एवढ्यापुरती उरली.

दारूगोळ्याच्या डेपोत मात्र तिचा मान होता. कोठारांच्या जवळ इंजिनाची गाडी न्यायची म्हणजे ठिणगीची भीती. तिथे माचिस चालत नाही, मोबाईल चालत नाही, खिळे ठोकलेला बूट चालत नाही. कोठारांभोवती मातीचे उंच बांध, त्यांच्या बाहेर काटेरी तारांची दोन कुंपणं, आणि त्या दोन कुंपणांच्या मधून जाणारी अरुंद पायवाट. ती गस्तीची वाट. तिच्यावर सायकलच जाते.

ही सायकल बाजारातल्यासारखी नव्हे. वरचा दांडा दुहेरी, कॅरिअर जाड लोखंडाचं, माणूस बसला तरी न वाकणारं. चकाकणारा भाग एकही नाही. हँडलपासून आऱ्यांपर्यंत सगळ्याला हिरवा रंग, कारण उन्हात चमकलेली वस्तू लांबून दिसते. घंटी नाही. आमच्याकडे आणखी एक पद्धत होती. स्टँडचे पाय जुन्या ट्यूबने गुंडाळायचे, म्हणजे सिमेंटवर लोखंड घासायला नको. माझा निम्मा दिवस बाभळीचे काटे उपसण्यात जायचा, आणि दुरुस्त केलेली सायकल मी स्वतः गस्तीच्या वाटेवर चालवून बघितल्याशिवाय कोणाच्या हाती देत नसे. त्यामुळे त्या वाटेवरचं वळण न् वळण मला ठाऊक झालं होतं.

गिऱ्हाईकं म्हणजे पहाऱ्याचे जवान. त्यातलं सगळ्यात खट गिऱ्हाईक हवालदार कदम. साताऱ्याकडचे, फौजेतून एकदा निवृत्त होऊन पुन्हा पहाऱ्यासाठी भरती झालेले. अंगाने दांडगे. त्यांना रोज काहीतरी खुपायचं. ‘ताई, शीट करकर करतंय.’ ‘ताई, ब्रेक लई सैल हाय.’ ‘ताई, हवा कमी भरलीय का तुम्ही?’ मी म्हणायची, ‘हवालदारसाहेब, उन्हाळ्यात हवा कमीच भरायची असते, नाहीतर टायर फुटतो.’ त्यांना ते पटायचं नाही. जाताना पंप उचलून स्वतः दोन दट्टे मारून जायचे. त्यांच्या सायकलीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

आता त्या दुपारविषयी.

वैशाखाचे दिवस होते. दरवर्षी उन्हाळ्याआधी डेपोतलं वाळलं गवत कापून घेतात, कारण आमच्याकडे आगीला गवतापेक्षा चांगलं खाद्य नाही. त्या वर्षी काम लांबलं आणि ऐन उन्हात गवत कापणं चालू होतं. जवळच्या गावातल्या बाया यायच्या. त्यांची मुकादम पंचफुलाबाई, मोठ्या आवाजाची, बायांना पोटच्या लेकींसारखी वागवणारी. सगळ्यांत नवी होती निर्मला. नुकतीच लग्न होऊन त्या गावात आलेली. बोलायची इतकी कमी की फाटकावर नाव सांगायचं तरी पंचफुलाबाईच्या तोंडाकडे बघायची.

जेवणं झाली होती. मी शेडमध्ये कदमांच्या सायकलीची चेन बसवत होते आणि ते शेजारी उभं राहून मला ती कशी बसवायची ते सांगत होते. तेवढ्यात भोंगा झाला. भोंग्याची रंगीत तालीम नेहमी व्हायची, पण तिची आधी सूचना असायची. दोघेही बाहेर आलो. पश्चिमेच्या कुंपणापलीकडे धुराची भिंत उभी होती. कुणीतरी शेताचे धुरे, म्हणजे बांधांवरचं गवत, पेटवलं होतं, वारा फिरला होता आणि आग कुंपण ओलांडून आत येत होती.

बाहेरच्या माणसाला धोका नीट कळावा म्हणून सांगते. गवत पेटलं तर गवत जळतं. पण एखादं कोठार पेटलं तर डेपो राहत नाही, आणि शेजारची गावंही राहत नाहीत. म्हणून नियम असा की आगीचा बंब आधी कोठारांकडे, जवान हिरव्या फांद्या घेऊन आगीच्या तोंडावर, आणि बाकीचे सगळे फाटकाबाहेर.

बाया धावत फाटकाशी आल्या. पंचफुलाबाईने त्यांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकीच्या खांद्याला हात लावत पुढे गेली. शेवटी तिचा हात हवेतच राहिला.

‘निर्मला कुठी हाय वं?’

बाया मागे वळून बघू लागल्या. मग एकजण म्हणाली, ‘कोपऱ्यावरच्या नळावर गेली होती, कॅन भरून आणाले. आमाले वाटलं, येऊन राहिली मांगून.’

कोपऱ्यावरचा नळ म्हणजे दोन कुंपणांमधल्या वाटेच्या पश्चिम टोकाला, पहाऱ्याच्या मचाणाखाली. धूर तिथेच होता.

फाटकाशी मेजरसाहेब वायरलेस कानाला लावून उभे होते. तरुण होते, बदलून येऊन वर्षही झालं नसेल. पंचफुलाबाई त्यांच्यासमोर गेली. ‘साहेब, माही एक पोरगी अंदर हाये. तुमची गाडी पाठवा.’

साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ‘गाड़ी उधर नहीं जाएगी, माँजी. गोदाम के पास से हटाऊँगा तो कोई नहीं बचेगा.’

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. ती खाली मातीत बसली. साहेब चुकीचं बोलत नव्हते, आणि तेच ऐकवत नव्हतं.

कदम पुढे झाले. त्यांच्या फौजी हिंदीत म्हणाले, ‘साहब, गाडी नहीं मांगता. वो मेरा गश्त का रास्ता है. साइकल पे जाता हूँ.’

‘अकेले नहीं.’

पण दुसरा जवान होता कुठे? सगळे आगीच्या तोंडावर. मी शेडमधून दोन सायकली काढून आणल्या होत्या. कधी आणल्या, का दोन आणल्या, मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, ‘मैं जाती हूँ साहब, रास्ता मालूम है.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘आप सिव्हिलियन हैं. गेट के बाहर जाइए.’

तेवढ्यात वायरलेसवर कोणीतरी त्यांना ओरडून बोलावलं आणि ते वळले. कदमांनी माझ्याकडे बघितलं नाही. फाटकाजवळच्या हौदात गमछा बुडवला, तोंडाला बांधला, मीही दुपट्टा बुडवला, आणि आम्ही निघालो.

सुरुवातीची वाट मोकळी होती. कदम पुढे, मी मागे. मग धूर आला. आधी डोळ्यांत, मग घशात. हँडलचं लोखंड हाताला चटके देऊ लागलं. डाव्या हाताला बाहेरच्या कुंपणापलीकडे गवत तडतडत जळत होतं, उजव्या हाताचं गवत अजून पेटलं नव्हतं. वाट मुरमाची म्हणून तेवढी तांबडी पट्टी उरली होती. कदम हाका मारत होते, ‘पोरीऽ, ए पोरीऽ.’ उत्तर नाही. मला वाटलं, पुरुषाच्या अनोळखी आवाजाला ती ओ द्यायची नाही. मग मी ओरडायला लागले, ‘निर्मला वंऽ.’ तोंड उघडलं की धूर आत जायचा.

टायर फुटल्याचा आवाज बंदुकीसारखा झाला. मी घाबरून पाय टेकले. कदमांचं पुढचं चाक होतं. ते थांबले नाहीत, तसेच रिमवर खडखडत पुढे गेले. त्या खडखडाटातून मला दुसरा आवाज ऐकू आला. टण्, टण्, टण्. लोखंडावर लोखंड. कोणीतरी विळ्याने कुंपणाचा खांब वाजवत होतं.

ती मचाणाच्या पायाशी होती. कॅनमधलं पाणी अंगावर ओतून घेऊन, ओला पदर तोंडावर धरून, खांबाला पाठ लावून बसलेली. एका हाताने विळा खांबावर आपटत होती. आम्ही समोर आलो तरी हात थांबेना.

‘ऊठ गं पोरी,’ कदम म्हणाले.

ती उठली नाही. मी विळा तिच्या हातातून काढून घेतला. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मले पाय नाही राहिले, बाई.’

कदमांनी तिला काखेत हात घालून उचललं आणि माझ्या कॅरिअरवर ठेवलं. आलो त्या दिशेला मी सायकल वळवली आणि पाहिलं, वाट दिसत नव्हती. आगीने वाट ओलांडली होती. आता एकच उपाय होता, पुढे जायचं, पूर्ण फेरा घालून, कोठारांच्या बांधाखालून मागच्या फाटकाला. लांबचा रस्ता. कदमांच्या पुढच्या चाकाचं रिम मुडपून फ्रेमला अडकलं होतं. त्यांनी ती सायकल उचलली आणि वाटेतून बाजूला ठेवली. फेकली नाही, ठेवली.

‘तुम्ही व्हा म्होरं. मी पळत येतो.’

‘एका सायकलीवर तिघं—’

‘तिघं बसलो तर तिघंबी हितंच. ताई, चला म्हणतो न्हवं का.’

त्यांनी मागून कॅरिअरला ढकललं. तो धक्का मला अजून पाठीला जाणवतो. मी पायडल मारलं.

निर्मलाने दोन्ही हातांनी माझा खाकी कोट घट्ट धरला होता. आधी मागून कदमांच्या बुटांचा आवाज येत होता. मग तो येईनासा झाला. मी वळून बघितलं असतं तर सायकल कुंपणावर गेली असती. पहिलं कोठार उजव्या हाताला आलं. बांधावर गवताचा एक पट्टा पेटला होता आणि बंबाची माणसं त्यावर पाणी मारत होती. त्यातला एक आम्हाला बघून काहीतरी ओरडला. मला एवढंच ठाऊक होतं की त्या बांधापलीकडे काय ठेवलंय. मान खाली घालून मी चाकाकडे बघत राहिले. टायर धरून होता. दुसरा काही विचार डोक्यात नव्हता, टायर धरून आहे, टायर धरून आहे.

मागच्या फाटकावरच्या जवानाने आम्हाला उतरवून घेतलं. मी म्हटलं, कदम मागे आहेत. तो वायरलेसवर बोलला. बांधाच्या बाजूची माणसं सुटून वाटेकडे गेली. मग आम्ही वाट बघत बसलो. निर्मला फाटकाच्या गजाला धरून उभी होती, बसायला तयार नव्हती. ‘बाबा आले नाही अजून,’ ती म्हणाली. पुन्हा पुन्हा तेच.

ते आले तेव्हा चालत नव्हते. जवानांनी त्यांना एका सायकलवर आडवं टाकलं होतं आणि दोन्ही बाजूंनी धरून ढकलत आणत होते. धूर अंगावर आला तेव्हा ते वाटेकडेच्या कोरड्या नालीत पालथे पडले होते, आणि हातांनी डोकं झाकलं होतं. आग वरून गेली. पाठीचा शर्ट वाचला, हात वाचले नाहीत. मी जवळ गेले तर डोळे उघडून म्हणाले, ‘पोरगी?’ मी म्हटलं, उभी आहे. मग त्यांनी डोळे मिटले.

कोठार एकही पेटलं नाही. तिन्हीसांजेपर्यंत आग विझली.

कदम नागपूरच्या इस्पितळात बरेच दिवस होते. आमच्याकडे चौकशी बसली, अशा वेळी बसतेच. एका सिव्हिलियन बाईला आगीत जाऊ कोणी दिलं, हा पहिला प्रश्न. मला आत बोलावलं तेव्हा मेजरसाहेब भिंतीशी सरळ उभे होते. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, ‘मेरे कहने पर गई थीं.’ मोठ्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. ‘साहब, आपने तो मना किया था.’

‘एक बार किया था,’ ते म्हणाले. ‘दूसरी बार मैंने पीठ फेर ली. वो भी हुक्म ही था.’ आणि निघून गेले. त्यांच्यावर पुढे काय ठपका आला, मला कधी कळलं नाही. काही महिन्यांनी त्यांची बदली झाली.

सायकलींचंही मग फार दिवस राहिलं नाही. गस्तीची वाट रुंद झाली, खांबांवर कॅमेरे आले, जवानांना दुसरी वाहनं मिळाली. आता म्हणे जगात काही फौजा विजेवरच्या सायकली वापरून बघत आहेत, आवाज नाही, धूर नाही. वाचलं की बरं वाटतं. आमच्या सायकली मात्र मोडीत निघाल्या. फौजेचा माल मोडीत देताना पुन्हा वापरता येणार नाही असा करून द्यावा लागतो. ते काम माझ्याकडेच आलं. करवतीने एकेका सायकलीचा दुहेरी दांडा कापला. नत्थूजी तोवर हयात नव्हते, ते एक बरं झालं.

निवृत्तीनंतर मी नागपुरात मनीषनगरला राहते. शेजारची मुलं गिअरच्या सायकली घेऊन येतात, चेन उतरली की. मी बसवून देते. ती विचारतात, आजी, तुम्ही फौजेत होता? मी नाही म्हणते आणि विषय संपतो. पण हे लिहायला बसले ते एका निरोपासाठी.

कदमांना इस्पितळातून सोडलं तेव्हा त्यांना पुन्हा पहाऱ्यावर घेता येणार नव्हतं. बोटं मिटत नव्हती. मुलगा न्यायला आला होता. मी स्टेशनवर गेले. गाडी लागलेली होती, कदम खिडकीशी बसले होते, दोन्ही हात पट्ट्यांत, मांडीवर ठेवलेले. मुलगा पाण्याची बाटली आणायला उतरला होता. मी बाहेरून खिडकीचा गज धरून उभी होते. ते म्हणाले, ‘शीट करकर करतंय हितंबी.’ मी हसले.

तेवढ्यात गर्दीतून पंचफुलाबाई आली, तिच्यामागे निर्मला आणि निर्मलाचा नवरा. गावाहून पहिल्या बसने निघाले होते. निर्मलाने डोक्यावरून पदर घेतला होता. पंचफुलाबाई म्हणाली, ‘जाय वं, दे त्यायले.’

निर्मला डब्यात चढली. मी तिच्या मागे गेले. तिने फडक्याची गाठ सोडली. ज्वारीच्या भाकरी होत्या आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तिने ते कदमांच्या पुढे धरलं. कदमांनी सवयीने हात उचलले, मग पट्ट्यांकडे बघितलं आणि पुन्हा मांडीवर ठेवले. ‘ठिऊन दे पोरी,’ ते म्हणाले. ‘पोरगा आला म्हंजी खातो.’

तिने ठेवलं नाही. समोरच्या बाकावर बसली. डब्यात माणसं होती, दारात तिचा नवरा उभा होता. तिने भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि त्यांच्या तोंडापाशी नेला. कदमांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. डोळे भरले होते त्यांचे. ती हात तसाच धरून बसली.

मग त्यांनी तोंड उघडलं. हळूहळू चावलं.

‘लई तिखट हाय,’ ते म्हणाले, आणि पुन्हा तोंड उघडलं.